धर्मास राजाश्रय हवा की लोकाश्रय?

कर्जत-खालापूर तालुक्यांतील आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढे आज आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो वरवर पाहता त्यांच्या रोजच्या कामाचा नाही असे वाटेल. भाताची लावणी, खताचा भाव, वीटभट्टीवरची उचल, पोराच्या दाखल्यासाठी कचेरीत घालावयाचे हेलपाटे, एवढा घोर डोक्यावर असता धर्म आणि सरकार यांच्या नात्याविषयी ख्रिस्ती लोकांनी काय विचार केला हे आम्ही कशास वाचावे, असे कोणीही विचारील. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक आहेत तरी किती? २०११ च्या शिरगणतीत ते सुमारे १० लाख ८० हजार भरले, म्हणजे शंभरात एकाहूनही थोडे कमी. आपल्या दोन तालुक्यांत तर ते बोटावर मोजण्याइतके.

यास आमचे उत्तर असे. ज्या दाखल्यासाठी आपण हेलपाटे घालतो, तोच दाखला देताना सरकार काही जणांस त्यांचा धर्म विचारते आणि उत्तर ऐकून हात आखडता घेते. हा प्रश्न सरकारने विचारावा की विचारू नये, याचा निवाडा करावयाचा तर ज्यांनी धर्म व सरकार यांची संगत शेकडो वर्षे भोगली, त्यांच्या अनुभवाकडे पाहिले पाहिजे. तो अनुभव ख्रिस्ती समाजाइतका लांबरुंद क्वचितच कोणाकडे सापडेल. आणि त्याचा मोठा भाग आपल्याच कोकणपट्टीत घडलेला आहे. त्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, धर्म सरकारच्या मांडीवर बसला की धर्मही नासतो, सरकारही नासते, आणि मार बसतो तो गरीब रयतेस.

प्रथम मूळ शिकवण पाहू. येशू ख्रिस्तांस त्यांच्या विरोधकांनी एकदा पेच घातला, की रोमच्या बादशहास कर द्यावा की देऊ नये? द्यावा म्हटले तर स्वकीय रागावणार, देऊ नये म्हटले तर शिपाई धरणार. त्यांनी एक नाणे मागविले, त्यावर छाप कोणाची ते विचारले, आणि बादशहाचे येणे निराळे व देवाचे येणे निराळे, ज्याचे त्यास चुकते करा, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे त्यांच्या शिष्यांपैकी पौलाने अधिकाऱ्यांचा मान राखावा असे शिकविले. तर पेत्राने न्यायसभेपुढे उभे राहून, देवाची आज्ञा व माणसाची आज्ञा यांचा तंटा पडला तर आपण कोणाचे ऐकणार ते स्पष्ट सांगितले. सरकारचा कायदा पाळावा, पण मनाची मालकी सरकारकडे देऊ नये, अशी ही दुहेरी शिकवण आहे. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती धर्मास कोणत्याही राजाचा आधार नव्हता. उलट छळ होता. तरी तो धर्म कोळी, सुतार, गुलाम, विधवा अशा लोकांमध्ये पसरत गेला.

मग इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन बादशहाने त्या धर्मास मोकळीक दिली, आणि ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने त्यास सरकारी धर्म केले. येथून चित्र पालटले. काल मार खाणारा आज मार देणाऱ्याच्या पंक्तीस बसला. तेव्हापासून ख्रिस्ती लोकांत तीन मते चालत आली आहेत.

पहिले मत असे, की राजा धर्मगुरूच्या हाताखाली. १०७७ मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री रोमच्या पोपची क्षमा मागण्यासाठी कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस तिष्ठत उभा राहिला. आमच्या वाचकांस हे नवल वाटू नये. याच जिल्ह्यातील रायगडावर १६७४ मध्ये शिवछत्रपतींस राज्याभिषेक करून घ्यावयाचा होता, तेव्हा ज्याने तलवारीने राज्य मिळविले त्याच्या कुळाचा दाखला येथल्या भिक्षुकांनी मागितला, आणि काशीहून गागाभट्टांस आणावे लागले. १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांस वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असे त्यांच्याच पदरच्या पुरोहिताने सुनावले. धर्मगुरू राजाच्या डोक्यावर बसला की काय होते, हे युरोपातील रयतेस कनोसाने शिकविले व आम्हांस वेदोक्ताने.

दुसरे मत याच्या उलट, की धर्मगुरू राजाच्या हाताखाली. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडून आपल्या देशातील चर्चचे मुख्यपद स्वतःकडे घेतले.

तिसरे मत असे, की दोघांमध्ये बांध असावा. शेजारच्या शेतकऱ्याशी सोयरीक असली तरी बांध कोणी मोडून टाकीत नाही, तसेच हे. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने १६३६ मध्ये अशी वसाहत स्थापिली, की जेथे कोणाच्या श्रद्धेत सरकार हात घालीत नसे. तो स्वतः कडवा ख्रिस्ती होता. जुलमाने भरलेले प्रार्थनामंदिर देवास आवडत नाही, असे मानणाऱ्यांतला तो होता. लक्षात ठेवावे, की बांधाची मागणी नास्तिकांनीच केली असे नाही. ती धर्मावर प्रेम करणाऱ्यांनी धर्माच्या रक्षणासाठीही केली.

आता आपल्या कोकणात येऊ. ज्या १५३४ साली इंग्लंडात वर सांगितलेला प्रकार घडला, त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. चौल-रेवदंड्यास ते आधीच येऊन बसले होते. पोपने पोर्तुगालच्या राजाशी असा करार केला होता, की पूर्वेकडील मुलुखात बिशप नेमण्याचा हक्क राजाचा, आणि चर्चांचा व पाद्र्यांचा खर्चही राजाचाच. यालाच पादरोआदो म्हणत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपली असली तरी तिची प्रचीती तेथे आली. गोव्यात तिसवाडीतील देवळे पाडली गेली, देवळांच्या जमिनींचे उत्पन्न धर्मप्रसाराकडे वळविण्यात आले, लोकांनी मंगेशी व शांतादुर्गा यांच्या मूर्ती नदीपार फोंड्याकडे हलविल्या. १५६० मध्ये धर्मन्यायालय बसले व ते, मधला थोडा काळ सोडून, १८१२ पर्यंत चालले.

या धर्मन्यायालयाच्या तडाख्यात सर्वांत अधिक सापडले ते कोण? जे नुकते ख्रिस्ती झाले होते तेच गरीब लोक. १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीतींची यादीच काढून त्या बंद केल्या. दारात तुळस लावणे गुन्हा, बिनमिठाचा भात शिजविणे गुन्हा. बाईच्या चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही, हे पाहण्याची पाळी ज्या धर्मावर आली, त्याची शोभा राजाने वाढविली की घालविली, हे वाचकांनीच ठरवावे.

राजाने हात दिला होता, तसा राजाने तो काढूनही घेतला. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइट पाद्र्यांस आपल्या साऱ्या मुलुखातून हाकलून दिले. १८३५ मध्ये गोव्यातील मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. ज्या दारात आपण भाकरीसाठी बसतो, त्या दारातून उठविले जाण्याची भीती कायमची असते.

आता याची दुसरी बाजू पाहावी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज राजा गेला, त्याचे शिपाई गेले, त्याचा पैसा गेला. धर्म केवळ राजाच्या जोरावर उभा असता, तर तोही त्याच गलबतात बसून गेला असता. तसे झाले नाही. वसईचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी आपल्या वाड्यांत राहिले. आपल्या रायगड जिल्ह्यात कोर्लई येथील ख्रिस्ती बांधव आजही जुनी पोर्तुगीज मिसळीची बोली बोलतात व आपली उपासना चालवितात. राजाश्रय सुटून त्यांस पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. हा धर्म टिकला तो आई-बापांनी मुलांस शिकविल्यामुळे, शेजाऱ्यांनी सांभाळून घेतल्यामुळे, आपल्याच मिळकतीतून वर्गणी काढल्यामुळे. यालाच आम्ही लोकाश्रय म्हणतो. पंढरीची वारी कोणत्या सरकारने काढली? तुकोबांनी शिवछत्रपतींचा नजराणा परत पाठविला ही कथा वारकरी अभिमानाने सांगतात, त्यातले मर्मही हेच आहे.

पोर्तुगीजांनंतर इंग्रज आले. आमच्यात एक समज आहे, की इंग्रज सरकार आणि मिशनरी म्हणजे एकाच गाडीचे दोन बैल. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. त्यांनी कोचीनकडे निसटण्याचा प्रयत्न केला, तेथून त्यांस धरून आणले. तेव्हा त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांस लिहून कळविले, की आपणही ख्रिस्ती आहात आणि देवाच्या हुकुमावर कंपनीचा हुकूम चालणार नाही. अखेर १८१४ मध्ये त्यांस राहण्याची परवानगी मिळाली व त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. म्हणजे ख्रिस्ती म्हणविणारे सरकार ख्रिस्ती उपदेशकांसच हद्दपार करू पाहत होते; कारण कंपनीस व्यापार हवा होता आणि गडबड नको होती.

हेच कंपनी सरकार दुसऱ्या हाताने देवळांचा कारभार पाहत होते, यात्रेकरूंवर कर बसवीत होते, आणि पेशव्यांची दक्षिणा पुढे चालवीत होते. त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिची दारे कोणासाठी उघडी होती हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. सरकारने देवळांत हात घालू नये, असा गलका विलायतेत ख्रिस्ती लोकांनीच केला. मद्रासचे सेनापती सर पेरेग्रीन मेटलंड यांनी याच कारणावरून १८३८ मध्ये आपली जागा सोडली. शेवटी १८६३ च्या कायद्याने सरकारने देवळांच्या कारभारातून अंग काढून घेतले.

पण या गलक्यात एक अर्धवटपणा होता, तो सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. जे म्हणत होते की सरकारी पैसा देवळास नको, त्यांतील पुष्कळांस तोच पैसा चर्चास गेलेला चालत होता. १८१३ च्या सनदेने कलकत्त्यास बिशप बसविला, १८३७ मध्ये मुंबईस बिशप नेमला, आणि त्यांचा व लष्करी पाद्र्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. ती तिजोरी कोण भरीत असे? भाताच्या खाचरावर सारा देणारा कुणबी, मिठावर कर देणारा आगरी. आपल्या कर्जत तालुक्यातील माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी साहेबलोकांच्या नजरेस आणले, पुढे तेथे त्यांच्यासाठी चर्चे उभी राहिली. त्यांची पालखी व सामान डोंगरावर चढविणाऱ्या माणसास त्या उपासनेशी काही घेणे नव्हते. तरी सरकारी धर्मखात्याचा भार त्याच्या साऱ्यावरच होता. १९२७ च्या कायद्याने ही गाठ सुटू लागली व १९३० मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळे झाले. पोर्तुगालचा हात तर आणखी चिवट निघाला. १९२८ च्या करारान्वये मुंबईचा रोमन कॅथलिक आर्चबिशप एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावयाचा. हा परकीय मान १९५० मध्ये संपला, आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे देशी गृहस्थ त्या गादीवर आले. देश स्वतंत्र झाल्यावरही मुंबईचा धर्मगुरू ठरविताना लिस्बनकडे पाहावे लागे, याहून राजाश्रयाची नाचक्की ती कोणती?

तथापि या काळोखात काही दिवे होते. स्कॉटलंडमध्ये सरकारमान्य चर्च होते व गावचा पाद्री नेमण्याचा हक्क तेथल्या जमीनदारांकडे असे. मंडळीस न विचारता पाद्री लादला जाई आणि सरकारी न्यायालये जमीनदारांचीच बाजू घेत. यास कंटाळून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाद्र्यांनी एकदम राजीनामे दिले. पगार सोडला, राहती घरे सोडली, आणि लोकांच्या वर्गणीवर चालणारे स्वतंत्र चर्च उभारले. हिंदुस्थानातील साऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांची बाजू घेतली. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांनी जुन्या मंडळीच्या मालकीची इमारत सोडून शाळा नव्याने मांडली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले.

आता योग पाहा. १८४१ ते १८४७ या वर्षांत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकत होता. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. ज्या मास्तरांनी तत्त्वासाठी सरकारमान्य चर्चचे छत्र सोडले, त्यांच्या शाळेत तो वाढला. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे, की ज्यात बायको एका धर्माची, नवरा दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या, मुलगा चौथ्या धर्माचा, आणि तरीही कोणी कोणाचा द्वेष न करता सर्व एका घरात नांदतात. ज्या घरात चार धर्म सुखाने राहू शकतात, त्या घराच्या दाराशी सरकारचा शिपाई धर्माची चौकशी करण्यास उभा राहिला तर त्याचे काय काम?

परधर्म स्वीकारणारा परक्या सरकारचा बगलबच्चा होतो, असा आरोप आमच्याकडे जुना आहे. काही जण तसे झालेही. कलेक्टरच्या बंगल्यावर वजन खर्चून कामे करून घेणारे पाद्री होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग माजला असता सरकारी इस्पितळात स्त्रियांस मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी बाँबे गार्डियन पत्रात कडक टीका केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट त्यांच्यावर संतापले, प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेले. राजाचा धर्म तोच आपला धर्म, म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाची मंडळी काढली. ख्रिस्ताची भक्ती देशी असावी व ती परक्या पैशावर व हुकमतीवर चालू नये, हा त्यांचा हेतू. सरकारच्या पैशाने धर्म मिंधा होतो, तसा परदेशी मिशनच्या पैशानेही होतो, हे त्यांनी ओळखले.

या साऱ्या अनुभवाची फळे स्वराज्यात दिसली. १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न निघाला. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ. धर्माच्या नावावर कायदेमंडळात राखीव जागा नकोत, या बाजूस त्यांनी आपले वजन टाकले. डॉ. आंबेडकरांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला. २७ व्या कलमाने असे ठरविले, की एखाद्या धर्माच्या वाढीसाठी म्हणून कोणावर कर लादता येणार नाही. २८ व्या कलमाने असे, की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. आम्ही मास्तर आहोत. आमच्या वर्गात ठाकराचे, कातकऱ्याचे, कुणब्याचे, बौद्धाचे, मुसलमानाचे मूल एका पट्टीवर बसते. २८ वे कलम त्या पट्टीची राखण करते, हे आम्ही रोज पाहतो.

कॅथलिक चर्चनेही आपली जुनी भूमिका बदलली. ७ डिसेंबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने जाहीर केले, की धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, आणि हा हक्क सरकारने राखला पाहिजे. १९८३ च्या चर्चच्या नियमावलीत पाद्र्याने राज्यकारभाराचे अधिकारपद घेऊ नये असा निर्बंध आहे. याचा अर्थ पाद्र्याने मुके व्हावे असा नव्हे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात जमिनी व पाणी गिळणाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. त्यासाठी त्यांस खुर्ची लागली नाही. २०२० मध्ये त्यांस मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देताना महाराष्ट्राने त्यांच्या धर्माचा हिशेब मागितला नाही. धर्माने सरकारास खडे बोल ऐकवावेत, पण सरकारच्या खुर्चीत बसू नये. बांध आहे तो हा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बांध एका बाजूने धर्माने मोडू नये हे खरे, तसा तो दुसऱ्या बाजूने सरकारनेही मोडता कामा नये. येथे आमचे सरकार चुकते आहे.

१९३६ मध्ये इंग्रज सरकारने अनुसूचित जातींची यादी केली, तेव्हा देशी ख्रिस्ती माणूस तीत धरू नये असे लिहिले. हे लिहिणारा राजा स्वतः ख्रिस्ती! १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमात हाच दंडक निराळ्या शब्दांत आला, की हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसास अनुसूचित जातीचा मानू नये. १९५६ मध्ये शिखांस आणि १९९० मध्ये बौद्धांस त्यात सामावून घेतले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. समजा, एका चर्मकाराच्या किंवा मांगाच्या घरात तीन भाऊ आहेत. एक हिंदू राहिला, एक बौद्ध झाला, एक ख्रिस्ती झाला. तिघांची वस्ती तीच, गरिबी तीच, गावाची नजर तीच. पण तिसऱ्याच्या मुलाचा अनुसूचित जातीचा दाखला गेला. त्याने देव बदलला, तर सरकारने त्याची जात बदलली असे कागदावर ठरविले; गावाने मात्र ती बदलली नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला.

याच्या उलट आपल्या ठाकूर-कातकरी बांधवांची गोष्ट पाहा. अनुसूचित जमातीच्या यादीस धर्माची अट नाही. कातकरी कोणत्याही देवाचे नाव घेवो, तो कातकरीच राहतो. सरकारने जमातींच्या बाबतीत जो शहाणपणा दाखविला, तो जातींच्या बाबतीत दाखविण्यास हरकत कोणती? हरकत घेणारे आहेत. आणि ते उलट अशी मागणी करतात, की धर्म बदललेल्या आदिवासींचीही नावे यादीतून काढावीत. खालापूरच्या डोंगरातील वाडीवर जमिनीचा पट्टा व वीटभट्टीवरची सुटका हे प्रश्न पडून आहेत. तेथे कोण कोणत्या देवापुढे हात जोडतो याची मोजदाद कशासाठी?

कोणी म्हणेल, पैशाची लालूच दाखवून, धाक घालून धर्मांतरे होतात त्याचे काय? आमचे म्हणणे, फसवणूक व धाकदपटशा हे गुन्हे आहेत. ते कोणत्याही धर्माच्या माणसाने केले तरी शिक्षा व्हावी. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितले, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे. पण काही राज्यांच्या कायद्यांनी धर्मांतरासाठी कलेक्टरकडे आधी अर्ज किंवा कळविण्याची सक्ती केली आहे, ती आम्हांस मान्य नाही. ज्या कचेरीत सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त होण्यास वर्ष लागते, त्या कचेरीच्या खिडकीत माणसाने आपले अंतःकरण दाखल करावे काय? चुलीवरच्या भातातील मीठ तपासणारे धर्मन्यायालय आणि मनातील श्रद्धा तपासणारी कचेरी यांच्यात फरक थोडा आहे.

ख्रिस्ती बांधवांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. सरकारकडे जातीचा दाखला मागताना आपल्या चर्चमध्ये जात किती उरली आहे तेही पाहावे. पूर्वाश्रमीच्या जातीवरून बसण्याची जागा, दफनाची जागा व सोयरीक जेथे ठरते, तेथे ख्रिस्ताचे नाव वरवरचे राहते. आणि निवडणुकीत अमक्यास मत द्या असे वेदीवरून सांगणारा पाद्री, मठातून सांगणारा महाराज व मशिदीतून सांगणारा मौलवी हे तिघे एकाच माळेचे मणी आहेत.

आमच्या वाचकांनी यातून काय घ्यावे? महडच्या वरदविनायकास नारळ वाहणाऱ्याने वाहावा, बुद्धवंदना म्हणणाऱ्याने म्हणावी, रविवारी चर्चला जाणाऱ्याने जावे. त्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. ग्रामसभेत गावच्या निधीतून कोणत्याही धर्माच्या कामास पैसा मंजूर होऊ लागला, मग तो धर्म आपला असला तरी, उभे राहून विचारावे, की नळाचे, शाळेच्या छपराचे व वाडीच्या रस्त्याचे काम आधी का नाही? शेजाऱ्याचा दाखला त्याच्या देवामुळे अडला, तर आपला देव निराळा म्हणून गप्प बसू नये. त्याच्याबरोबर प्रांत कचेरीपर्यंत चालत जावे. आज त्याचा देव विचारला जात आहे. उद्या आपली पंगत, आपले ताट, आपली तुळस विचारली जाईल.

धर्म टिकावयाचा असेल तर तो लोकांच्या प्रेमावर टिकेल, आणि कोर्लईच्या गरीब कोळ्यांनी तो कोणत्याही राजावाचून टिकवून दाखविला आहे. सरकारने रयतेचे पोट, शाळा, पाणी व न्याय पाहावा. या दोन कामांत बांध राहील तोवर दोन्ही शेते पिकतील.